पत्र्याच्या पेटीतली अनियतकालिके

मागच्या अंकात मराठी लघुनियतकालिकांचा, म्हणजे लेखक-कवींनी स्वतःच काढलेल्या छोट्या वाङ्मयीन अंकांचा, ओझरता उल्लेख आला आणि त्यावर खानदेशातून आलेली पत्रे बाजूला ठेवण्यासारखी नव्हती. चोपड्यापासून नंदुरबारपर्यंतच्या सात वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे सासरे महाविद्यालयात मराठी शिकवत होते. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. मागच्या महिन्यात माळा झाडताना एक पत्र्याची पेटी निघाली आणि तिच्यात चाळीस-बेचाळीस पातळ अंक सापडले. काहींवर ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’ अशी नावे आहेत, काही छापलेले दिसत नाहीत, हाताने लिहिल्यासारखे दिसतात, आणि पुष्कळांवर तारीखच नाही. मोठे दीर म्हणतात की रद्दीवाल्याला देऊन टाका. माझे मन होत नाही. हे नेमके काय आहे आणि मी त्याचे काय करावे? (चोपडा)

उत्तर : ताई, पेटी आहे तशी राहू द्या आणि दिरांना चार महिने थांबायला सांगा. आपल्या हाती लागलेल्या अंकांना मराठीत अनियतकालिके म्हणतात. हे नाव मोठे नेमके आहे, कारण पुढचा अंक केव्हा निघणार हे कॅलेंडरवर ठरत नसे, संपादकांच्या खिशावर ठरत असे. या प्रवाहाचा आरंभ सांगताना सामान्यतः १९५४ साल सांगितले जाते. त्या सुमारास मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ या कवींनी ‘शब्द’ सुरू केले. चित्रे तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचे होते. छापखान्यात टाइपाचे खिळे जुळवून छापण्याचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता, म्हणून ‘शब्द’ सायक्लोस्टाइल करून काढले गेले. पुढच्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’, राजा ढाले यांचे ‘येरू’ अशी एकामागून एक नावे आली, आणि ‘सत्यकथा’सारख्या प्रतिष्ठित मासिकाच्या दाराशी न जाता किंवा तिथून परत आलेले लेखन छापण्याची एक समांतर वाट तयार झाली. १९६९मध्ये ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला, यावरून त्या काळच्या रागाची कल्पना येईल.

आपण ज्यांना हाताने लिहिलेले अंक म्हणता ते बहुधा सायक्लोस्टाइलचे असतील. मेणाचा थर दिलेल्या कागदावर टोकदार लेखणीने अक्षरे कोरायची, तो कागद यंत्राच्या रुळावर चढवायचा आणि कोरलेल्या रेघांतून शाई खाली उतरवायची, अशी ती पद्धत होती. एका स्टेन्सिलवर काही शे प्रती निघत आणि मग मेण फाटू लागे. माझ्याजवळ असा एक अंक आहे. त्याच्या तिसऱ्या पानापासून ‘व’ आणि ‘ब’ यांची पोटे काळी भरलेली दिसतात, कारण लेखणी जोरात फिरली की अक्षराच्या पोटातला मेणाचा तुकडा गळून पडतो आणि तिथून शाई धो धो उतरते. पाचव्या पानावर लिहिणाराच बदललेला आहे. पहिल्याचा हात दुखला असावा, कारण अक्षर अचानक गोल आणि शाळकरी होते. मला तो अंक त्यातल्या कवितांइतकाच या हातबदलासाठी आवडतो.

मुंबईत निघालेले हे अंक चोपड्यात कसे पोहोचले, याचे उत्तर बहुतेक वेळा पेटीतच असते. महाविद्यालयांत शिकवणारी तरुण मंडळी चार-दोन रुपये वर्गणी मनीऑर्डरने पाठवीत आणि अंक बुकपोस्टाने येई. म्हणून खाकी वेष्टने, मनीऑर्डरच्या पावत्या, संपादकांची पोस्टकार्डे, अंकात घातलेली वर्गणीची विनंतीपत्रे, यांतले काहीही फेकू नका. किंबहुना अंकाची दुसरी प्रत कुठे तरी मिळू शकते, सासऱ्यांच्या नावाचे वेष्टन मात्र एकच असते.

तारीख नसलेल्या अंकांविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण हा भाग पुष्कळ संग्राहक आळसाने सोडून देतात. आधी किंमत पाहावी. किंमत आण्यांत असेल तर अंक बहुधा १९५७च्या आधीचा असतो, कारण १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. ‘न. पै.’ असे लिहिलेले असेल तर तो १९५७ ते १९६४ या सात वर्षांतला असण्याची शक्यता मोठी, कारण १ जून १९६४पासून ‘नवे पैसे’ हे नुसते ‘पैसे’ झाले. मग संपादकाचा पत्ता पाहावा. ‘मुंबई-४’ असा एक-दोन आकडी विभाग असेल तर तो बहुधा १५ ऑगस्ट १९७२च्या आधीचा, आणि ‘४०० ००४’ असा सहा आकडी पिनकोड असेल तर नक्कीच त्या दिवसानंतरचा. जुनी सवय आणि जुना रबरी शिक्का दोन-चार वर्षे टिकतात, त्यामुळे पिन नसणे हा पुरावा कच्चा धरावा आणि पिन असणे हा पक्का. वेष्टनावरचा आपला स्वतःचा पत्ताही बोलतो. ‘जि. पूर्व खानदेश’ असे लिहिलेले असेल तर पाठवणाऱ्याच्या हाताला १९६०च्या आधीचे वळण आहे, कारण त्यानंतर पूर्व खानदेशचा जळगाव जिल्हा झाला आणि पश्चिम खानदेशचा धुळे. टपालाचा शिक्का वाचता आला तर प्रश्नच मिटतो. तो फिका असेल तर भिंगाखाली धरून तिरप्या उजेडात पाहावा.

आता करायचे काम. अंक ज्या क्रमाने पेटीत होते तो क्रम मोडू नका, आणि मोडला असेल तर आठवेल तेवढा लिहून ठेवा. एका साध्या वहीत प्रत्येक अंकासाठी एक पान द्या आणि त्यावर नाव, अंक क्रमांक, तारीख किंवा वर सांगितल्याप्रमाणे काढलेला अंदाज, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, पृष्ठसंख्या, संपादकाचा पत्ता, मुद्रकाचे नाव व गाव, आणि आतील लेखकांची नावे एवढे उतरवा. १८६७च्या मुद्रणविषयक कायद्यानुसार छापलेल्या पुस्तकावर आणि नियतकालिकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव-गाव असणे बंधनकारक होते, त्यामुळे शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपातली ती ओळ शोधावी. ती नसेल तर ‘नाही’ असे लिहावे, कारण ती नसणे हीसुद्धा नोंदच आहे. सासऱ्यांनी समासात काही लिहिले असेल तर ते खोडरबराने पुसू नका. एक मराठीचा प्राध्यापक चोपड्यात बसून १९६५च्या आसपास मुंबईची नवी कविता कोणत्या ओळीला थांबून वाचत होता, हे दुसरीकडे कुठे लिहिलेले सापडणार नाही.

प्रश्न : मी जळगावात एम.ए. करतो आहे आणि साठोत्तरी, म्हणजे १९६०नंतरच्या, कवितेवर काम करायचे आहे. मुंबई-पुण्याच्या संग्राहकांनी सर्व काही आधीच गोळा केले असेल अशी भीती वाटते. खानदेशात राहून, मोजक्या पैशांत असा संग्रह सुरू करता येईल का? (जळगाव)

उत्तर : येईल, आणि एका अर्थाने इथे तो जास्त चांगला करता येईल. मुंबईत घरे लहान असतात आणि दर दहा-पंधरा वर्षांनी माळे रिकामे होतात. आपल्याकडे वाडे, धाब्याची घरे आणि न उघडलेल्या कोठ्या अजून आहेत. मला मिळालेल्या चांगल्या अंकांपैकी निम्म्याहून अधिक निवृत्त प्राध्यापकांच्या घरांतून आणि महाविद्यालयांच्या विभागांतल्या कुलूप हरवलेल्या कपाटांतून मिळालेले आहेत. अशा घरी पहिल्या भेटीत काही मागू नये. चहा घ्यावा, त्यांच्या वर्गमित्रांची चौकशी करावी, आणि अंक दाखवले गेले तर तिथेच बसून यादी करून द्यावी. ज्याची यादी तुम्ही करून दिली तो माणूस पुढे स्वतः बोलावतो.

रद्दीच्या दुकानांत नियमाने जावे. एकदा एका दुकानदाराने मला तराजूवरचा गठ्ठा दाखवून सांगितले, “भाऊ, हाई ते रद्दी शे, पुस्तकं तठे शेत,” आणि कपाटातल्या जाड कादंबऱ्यांकडे बोट केले. मी त्या रद्दीतूनच दोन अंक उचलले आणि त्याने किलोच्या भावाने पैसे घेतले. अर्थात असा दिवस वर्षातून एखादा येतो, बाकीच्या दिवशी धुळीने शिंका येतात. ग्रंथालयातून काढून टाकलेली प्रत मिळाली तर तिच्यावर दाखलनोंदीतून कमी केल्याचा शिक्का आहे की नाही, हे आधी पाहावे. नुसताच ग्रंथालयाचा शिक्का असेल तर ती प्रत त्या ग्रंथालयाला परत नेऊन विचारावे. लाजण्याचे कारण नाही, पण अशी प्रत संग्रहात ठेवू नये.

सगळे गोळा करायचे ठरवू नका. एक धागा धरा. उदाहरणार्थ, ‘वाचा’ हे अनियतकालिक आणि त्याच नावाच्या प्रकाशनाची पुस्तके, ज्यांत नेमाड्यांचा ‘मेलडी’ हा १९७०चा कवितासंग्रह येतो. किंवा अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाची पुस्तके, ज्यांची सुरुवात आपण ‘अरुण कोलटकरच्या कविता’ या १९७७च्या पुस्तकापासून करू शकाल आणि ज्यांत पुढे ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’ येतात. या प्रकाशनांची पुस्तके हातात घेतली की कागद, टाइप आणि समास यांचा विचार कवितेइतकाच केलेला जाणवतो. कोलटकरांचा पेशाच जाहिरात क्षेत्रातल्या चित्रकलेचा होता, हे लक्षात ठेवून मुखपृष्ठे पाहावीत.

पुस्तकाच्या रूपात नसलेल्या गोष्टींकडे विशेष लक्ष द्या. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९८३मध्ये पोस्टरच्या रूपात आली होती. त्याच कवितेच्या पुनर्मुद्रणावरून उभा राहिलेला खटला २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यामुळे तिचे नाव पुष्कळांना ठाऊक असते, पण पोस्टर पाहिलेली माणसे थोडी. भिंतीवर चिकटवण्यासाठी छापलेला कागद भिंतीबरोबरच जातो. असेच कविसंमेलनांची निमंत्रणे, प्रकाशनाची कार्डे, ‘पुढील अंकासाठी साहाय्य करा’ म्हणणारी एकपानी पत्रके यांचे आहे. ही पत्रके बहुधा पुस्तकांत खूण म्हणून घातलेली सापडतात, म्हणून जुने पुस्तक विकत घेताना ते एकदा उलटे धरून अलगद हलवावे.

आणि मुंबईच्या नादात अंगणातले विसरू नका. पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५मध्ये धुळ्यातून ‘कवितारती’ हे नुसत्या कवितेला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. ते अनियतकालिक नव्हते आणि त्याची प्रकृतीही बंडखोर नव्हती, परंतु साठोत्तरी कवींचे पुढे काय झाले आणि त्यांच्याकडे मुंबईबाहेरून कसे पाहिले गेले, हे समजून घ्यायचे असेल तर त्याचे जुने अंक शेजारी हवेतच. ज्या जळगावात १९०७ साली कविसंमेलन भरून त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, तिथल्या विद्यार्थ्याला कवितेचा कागद शोधायला दादर गाठावे लागावे, हे मला तरी पटत नाही. दादरला जावेच, तिथल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आठवडाभर बसावे, पण ते आपली यादी तयार झाल्यावर.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. तरुणपणी मुंबईत नोकरीला असताना घेतलेले साठ-सत्तर अंक माझ्याकडे आहेत. गेल्या उन्हाळ्यात एक उघडला तर पानाचा कोपरा बिस्किटासारखा तुटून हातात आला. भुसावळच्या उन्हात हे कसे टिकवायचे? प्लॅस्टिकचे आवरण चढवून घेऊ का? (भुसावळ)

उत्तर : प्लॅस्टिकचे आवरण म्हणजे लॅमिनेशन असेल, तर कृपा करून ते करू नका. उष्णतेने चिकटवलेला तो थर पुन्हा काढता येत नाही आणि आतला कागद आपल्या गतीने तपकिरी होतच राहतो. सेलोटेपही नको. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, टेप गळून पडते आणि डाग मात्र कायमचा राहतो.

कागद तुटतो त्याचे कारण त्याच्या घडणीतच आहे. हे अंक बहुधा न्यूजप्रिंटवर किंवा त्याच दर्जाच्या स्वस्त कागदावर काढलेले असत. लाकूड नुसते दळून केलेल्या त्या लगद्यात लिग्निन हे लाकडातले द्रव्य शिल्लक राहते आणि उजेड, हवा व उष्णता यांनी ते आम्लयुक्त होऊन धागे तोडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याची पेटी गच्चीखालच्या माळ्यावर असेल तर आत त्याहून अधिक तापते. म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. पेटी माळ्यावरून खाली आणा आणि घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या, आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून उंच ठेवा. चार विटा आणि एक फळी पुरे.

दुसरी गोष्ट खास आपल्या भागाची. ज्या खोलीत वाळ्याचा कूलर चालतो तिथे कागद ठेवू नये. दुपारभर ओली हवा आणि रात्री कोरडी गरम हवा असा खेळ दोन महिने चालला की कागद फुगतो, आक्रसतो आणि तारेच्या टाच्यापाशी फाटतो. नंतर लगेच पावसाळा येतो आणि मग बुरशी. माणसाला गारवा देणाऱ्या खोलीपेक्षा नुसती सावली असलेली खोली कागदाला बरी.

अंक तारेने टाचलेले असतील तर तार गंजलेली असणार. ती ओढून काढू नका. अंक मधोमध उघडा ठेवून तारेचे दोन्ही पाय बोथट सुरीच्या टोकाने हळूहळू उभे करा आणि मग पाठीच्या बाजूने तार बाहेर घ्या. त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्याचा एक सैल टाका घाला. ज्या अंकाची पाने टोकाला तुटत आहेत त्याची तार मात्र स्वतः काढू नये, तो तसाच कागदाच्या पाकिटात आडवा ठेवावा. उभे ठेवल्याने पातळ अंक कमरेत वाकतात. पाकिटांसाठी आम्लरहित कागद मिळाला तर उत्तम आणि न मिळाला तर स्वच्छ धुतलेले, खळ नसलेले मांजरपाट कापड वापरावे. धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात किंवा राजवाडे संशोधन मंडळात गेलात तर जुन्या बाडांच्या आणि दप्तरांच्या सहवासात थोडा वेळ काढा. पोथी रुमालात बांधून ठेवण्याची आपली जुनी रीत धूळ, उजेड आणि हाताचा घाम या तिन्हींपासून कागद वाचवते आणि हवाही खेळती ठेवते, जे प्लॅस्टिकच्या पिशवीला जमत नाही.

कसर लागलेली असेल, म्हणजे पानांवर वेडीवाकडी कुरतडल्याची नक्षी आणि तळाशी भुसा दिसत असेल, तर तो अंक इतरांपासून ताबडतोब वेगळा करा. घरी डीप फ्रीझर असेल तर अंक कागदात गुंडाळून, हवा काढलेल्या पिशवीत घट्ट बंद करून, उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस बंदच राहू द्यावी, नाहीतर थंड कागदावर दव धरते. डांबरगोळ्या कागदाला टेकवून ठेवू नयेत. कडुनिंबाच्या पाल्यावर आपल्याकडे फार विश्वास आहे, पण पाला ओला असेल तर तोच ओल आणि डाग देतो. मी तो वापरत नाही.

एक कबुली देऊन ठेवतो. तरुणपणी मी नऊ अंक एकत्र करून जिल्दसाजाकडे दिले होते. त्याने मन लावून काम केले, कापडी पाठ चढवली, सोनेरी अक्षरे घातली आणि कडा सारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजू यंत्रावर कापल्या. त्या अंकांपैकी एकात पानाच्या अगदी कडेने, उभी लिहिलेली एक ओळ होती. आता तिची फक्त खालची वळणे उरली आहेत. चूक त्याची नव्हती. ‘कापू नका’ हे दोन शब्द मी सांगितले नव्हते.

प्रश्न : माझ्याजवळ अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ या इंग्रजी कवितांच्या पुस्तकाची प्रत आहे व तिच्यावर क्लिअरिंग हाऊसचे नाव आहे. ही पहिली आवृत्ती समजावी का? (नंदुरबार)

उत्तर : नुसत्या प्रकाशकाच्या नावावरून तसे समजू नये. ‘जेजुरी’ प्रथम १९७४मध्ये एका इंग्रजी वाङ्मयीन त्रैमासिकात आली आणि पुस्तकरूपाने १९७६मध्ये क्लिअरिंग हाऊसने काढली. अरविंद कृष्ण मेहरोत्रा, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर या कवींनी मिळून चालवलेली ती छोटी प्रकाशनसंस्था होती, म्हणजे मराठीतल्या अनियतकालिकांची इंग्रजी चुलत बहीणच. १९७७मध्ये पुस्तकाला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला आणि पुढे त्याची पुन्हापुन्हा छपाई झाली. म्हणून शीर्षकपानाच्या मागची बाजू पाहावी. तिथे १९७६खेरीज दुसरे साल किंवा पुनर्मुद्रणाचा उल्लेख असेल तर प्रत नंतरची आहे. मलपृष्ठावर त्या पुरस्काराचा उल्लेख असला तरी निष्कर्ष तोच. नंतरची असली म्हणून टाकाऊ ठरत नाही. त्याच जेजुरीवरच्या त्यांच्या मराठी कविता वेगळ्या पुस्तकात आहेत, आणि ती दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचण्यात अधिक लाभ आहे.

प्रश्न : मी शिक्षक आहे. माझ्याकडचे अंक स्कॅन करून सर्वांना खुले करावेत असे वाटते. त्यात काही अडचण आहे का? (अमळनेर)

उत्तर : स्कॅन जरूर करा, खुले करण्याआधी थांबा. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे प्रताधिकार टिकतो आणि ती साठ वर्षे निधनाच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजली जातात. कोलटकर २००४मध्ये गेले आणि चित्रे २००९मध्ये, तेव्हा त्यांच्या कविता अनुक्रमे २०६४ व २०६९च्या अखेरपर्यंत वारसांच्या मालकीच्या आहेत. अनियतकालिकात अडचण अशी की एका अंकात पंधरा लेखक असतात आणि त्यांपैकी प्रत्येकाचा हक्क वेगळा. अंक आपल्या मालकीचा असणे आणि त्यातली कविता आपल्या मालकीची असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संपूर्ण अंक टाकण्याऐवजी मुखपृष्ठ, अनुक्रम आणि आपली तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली तर अभ्यासकाचे निम्मे काम होते आणि हवे ते पान पाहायला तो आपल्याला पत्र लिहितो.

स्कॅन करताना अंक काचेवर दाबू नये, वरून छायाचित्र घ्यावे, आणि कोरी पाने, जाहिराती, मलपृष्ठ हे सर्व घ्यावे. कॉर्नेल विद्यापीठाने मुंबईच्या कवींच्या कागदपत्रांचा संग्रह उभा केला आहे आणि अमेरिकेत बसून लोक आपल्या सायक्लोस्टाइलवर प्रबंध लिहीत आहेत, याचा मला आनंद आहे. त्याच अंकाची दुसरी प्रत अमळनेरात आहे हे त्यांना कळले तर तो आनंद दुप्पट होईल.

प्रश्न : आमच्या वाचनालयात भालचंद्र नेमाडे यांच्यासाठी एक दालन करत आहोत. ते आमच्याच भागातल्या सांगवीचे. एका देणगीदाराने जुने अंक दिले आहेत, त्यांतली नेमाड्यांच्या लेखनाची पाने वेगळी काढून काचेच्या चौकटीत लावली तर कसे? (फैजपूर)

उत्तर : कृपया असे करू नका. २०१४चा ज्ञानपीठ मिळालेला लेखक तालुक्याचा असला की हात शिवशिवतात, हे मी समजू शकतो. परंतु ते पान १९६०च्या दशकात ज्ञानपीठकाराचे पान म्हणून निघालेले नव्हते. ते कुणा अपरिचित कवीच्या कवितेपाठोपाठ आणि बहुधा एखाद्या छापखान्याच्या जाहिरातीच्या आधी आले होते, आणि त्या शेजारामुळेच त्याचा सूर कळतो. पान काढले की त्याच्या पाठीवर छापलेली दुसऱ्या कुणाची कविताही भिंतीकडे तोंड करून कायमची कोंडली जाते. मागे अर्धवट राहिलेला अंक मग कुणीच जपत नाही.

त्या पानाची उत्तम रंगीत छायाप्रत काढून चौकटीत लावावी आणि खाली अंकाचे नाव, क्रमांक, पृष्ठ यांची चिठ्ठी द्यावी. उन्हाच्या कवडशात पाच वर्षे टांगलेले मूळ पान तसेही वाचता येण्याजोगे राहणार नाही. मूळ अंक कपाटात ठेवावा आणि मागणाऱ्याला टेबलावर, समोर बसवून दाखवावा. देणगीदाराचे नाव व त्यांना हे अंक कुठून मिळाले हेही आजच विचारून घ्या, ते हयात आहेत तोवर.

प्रश्न : संग्रहातल्या अंकांवर आपले नाव लिहावे का? (धुळे)

उत्तर : लिहावे, पण पेन्सिलीने, मागच्या पानाच्या आतल्या कोपऱ्यात, आणि सोबत अंक मिळाल्याची तारीख व गाव. शाईचा शिक्का मारू नये.